छप्पर नसलेल्या गाडीचा तळ

उघड्या टपाची दोन आसनी गाडी रस्त्यानं जाताना दिसली की लोक वरचं बघतात. टप मागं दुमडलाय, माणसं ऊन खात चालली आहेत, रंग झकास आहे. ही गाडी ज्याच्या दारात उभी असते त्याला मात्र अधूनमधून तिच्याखाली आडवं व्हावं लागतं, आणि तिथून दिसणारी गाडी वेगळीच असते. माझ्याकडे १९९६ सालची माझदा एमएक्स-५ आहे. पहिल्या पिढीतली, बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणाऱ्या दिव्यांची. घेतली तेव्हाच जमिनीवर पुठ्ठा टाकून, टॉर्च घेऊन मी तिचा तळ पाहिला होता. तळ वाईट होता. किंमत त्याच हिशेबानं ठरली आणि दुरुस्ती घरीच करायची हेही तेव्हाच ठरलं.

मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो. या गावात एके काळी मोटारींचे कारखाने जागोजागी होते. कॅनली भागातल्या कारखान्यात ट्रायम्फ स्पिटफायर बनायची. लहान, स्वस्त, उघड्या टपाची. १९८० साली ती बंद झाली आणि त्याच वर्षी ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजी-बीही थांबली. इंग्रजांनी सोडून दिलेला हा प्रकार जपान्यांनी उचलला. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदानं एमएक्स-५ लोकांपुढं आणली, आणि २०१६ साली या गाडीनं दहा लाखांचा आकडा गाठला. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. माझी गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा ते म्हणाले, ‘गाडी आमचीच आहे, फक्त हिवाळ्यात सकाळी सुरू होते.’

माझी इथली नोकरी गाड्यांच्या सांगाड्याची. टाटांनी २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यानंतर पुण्याहून इकडं ये-जा करणारे जे अनेक इंजिनीयर झाले, त्यातलाच मी एक. दिवसभर स्क्रीनवर पत्र्याची जाडी दशांशचिन्हापुढच्या आकड्यांत कमी-जास्त करायची, सांगाड्याला पीळ द्यायचा आणि कुठं लाल होतंय ते बघायचं. या कामानं एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: गाडीतला सगळा पत्रा सारख्या कामाचा नसतो. काही पत्रा भार वाहतो, काही नुसता झाकतो. घरच्या दुरुस्तीत हीच निवड मला हातानं आणि कानानं करावी लागली. उघड्या गाडीत तर तिच्यावरच सगळं अवलंबून असतं.

मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका झाकणासकट दोन्ही हातांनी पिळून बघा. तो सहजी दाद देत नाही. झाकण काढलं की मात्र कसाही वेडावाकडा होतो. बंद गाडीत छप्पर आणि त्याचे खांब मिळून हे झाकण असतं. उघड्या गाडीत ते नाही, म्हणून एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की बसणारा पीळ सगळा तळानं सोसायचा. तळ म्हणजे दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पोकळ तुळया, ज्यांना सिल म्हणतात. मधला बोगदा, ज्यातून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट फिरतो. आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा फ्लोअरचा पत्रा. १.८ लिटर इंजिनाच्या गाड्यांना माझदानं आसनांमागचे दोन खांब जोडणारा आडवा दांडाही दिला. त्याखेरीज बोगद्यात ॲल्युमिनियमची एक लांब चौकट आहे, गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत गेलेली. तिचं काम वेगळं: ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनापासून डिफरन्शियलपर्यंतची रांग एकजीव राहावी. खालून ती इतकी भक्कम दिसते की जॅक तिथंच लावावासा वाटतो. तिथं जॅक कधीही लावायचा नाही.

खरं तर तळाची निम्मी दुखणी जॅकनंच दिलेली असतात. या गाडीच्या फ्लोअरखाली पुढून मागं दोन चौकोनी पट्ट्या जातात. त्यांना फ्रेम रेल म्हणतात आणि नाव ऐकून वाटतं की ट्रकच्या चासिससारखं काहीतरी असेल. प्रत्यक्षात तो मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, नालीच्या आकारात वाकवून फ्लोअरला स्पॉट वेल्डनं चिकटवलेला. दिसायला रेल, म्हणून पंक्चरवाला येतो, ट्रॉली जॅक तिच्याखाली सरकवतो आणि दांडा मारतो. गाडी उचलली जाते, रेल मात्र चेपते. माझ्या गाडीच्या दोन्ही रेल बऱ्याच लांबीपर्यंत सपाट झालेल्या होत्या. डावीकडं तर वरचा फ्लोअरही आसनाखाली फुगून वर आला होता. कुणा अनोळखी टायरवाल्यानं कधीतरी हे केलेलं. त्याला आता शोधून काय करणार.

गाडी उचलायच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढून क्रॉस मेंबरच्या मध्यावर, मागून डिफरन्शियलच्या पोटाखाली ट्रॉली जॅक. मग सिलच्या खालच्या उभ्या पट्टीवर कारखान्यानं खाचा करून दाखवलेल्या जागी घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड. माझ्या गाडीत डावीकडच्या मागच्या खाचेजवळचा पत्रा बोटानं दाबला तरी दबत होता, म्हणून तिथली घोडी सस्पेन्शनच्या सबफ्रेमखाली घ्यावी लागली. काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवली. घोडी सटकलीच तर गाडी चाकावर येऊन थांबेल, छातीवर नाही. इथल्या जुन्या घरांची गॅरेजं इतकी चिंचोळी, की हल्लीची गाडी आत नेली तर दार उघडून बाहेर पडता येत नाही. ही गाडी जेमतेम चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटरही रुंद नाही, म्हणून आत मावली आणि वर माणसाला लोळायला जागा उरली.

पहिलं काम म्हणजे बघणं. आधीच्या कुणीतरी तळाला काळा डांबरी लेप जाड थापला होता. या लेपाविषयी माझं मत फार वाईट झालंय. ताजा असतो तेव्हा तो छान दिसतो, विकणाऱ्याला उपयोगी पडतो. पुढं तो कडक होतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायची वाट राहत नाही. वरून काळं कातडं अखंड दिसतं आणि आत पत्र्याचे पोपडे सुटलेले असतात. हीट गन लावून तो मऊ करायचा आणि खरवडणीनं काढायचा. हे काम कंटाळवाणं, घाण आणि अत्यंत आवश्यक आहे. केसांत, कानांत, बाहीत काळे तुकडे जातात. डोळ्यांना चष्मा नव्हे, चारी बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. गंजाची खपली डोळ्यात गेली तर ती नुसत्या पाण्यानं निघेलच असं नाही.

लेप निघाला की छोट्या हातोडीनं ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो. आतून खाल्लेला पत्रा भद्द आवाज करतो, आणि त्या दोन आवाजांच्या मधे हातभर तरी असा पट्टा येतो जिथं ठरवता येत नाही. तिथं मी खडूनं प्रश्नचिन्हं काढली. स्क्रीनवर मी पत्र्याला एक जाडी देतो आणि ती टोकापासून टोकापर्यंत तेवढीच राहते. इथं वीतभर अंतरात १.२ मिलिमीटरपासून शून्यापर्यंत सगळ्या जाड्या होत्या.

यादी मोठी झाली. पण तिच्यातलं निम्मं भिववणारं आणि बिनमहत्त्वाचं होतं. चेपलेल्या रेल सगळ्यांत भयंकर दिसत होत्या आणि तातडीच्या मात्र नव्हत्या. त्यांच्यामुळं फ्लोअरला थोडा ताठपणा मिळतो हे खरं, पण उघड्या गाडीचा मुख्य भार सिल वाहतात. रेल फुटलेली किंवा फ्लोअरपासून सुटलेली नसेल तर नुसती चेपलेली रेल घेऊन गाडी वर्षानुवर्षं चालते. काही लोक चेपलेल्या रेलवरून जाड पत्र्याची नवी नाली टोपणासारखी चढवतात आणि वेल्ड करतात. मी ते केलं नाही. जुनी रेल आणि नवी नाली यांच्यात जी बंद फट राहते तिच्यात पाणी शिरलं तर ते कुणालाच दिसणार नाही, आणि एका वर एक चढवलेल्या पत्र्यांच्या आत काय होतं याचा नमुना माझ्या डोक्यावरच लटकत होता.

रेलना मी वेगळा उपाय केला. आसनं आणि गालिचा काढला, फुगलेल्या फ्लोअरवर आतून लाकडाचा ठोकळा ठेवून हातोड्यानं हळूहळू खाली बसवला. मग रेलच्या अंगावर थोड्या थोड्या अंतरावर पिना वेल्ड करून स्लाइड हॅमरनं पत्रा ओढून घेतला. मूळचा चौकोन परत आला नाही. नाली पुन्हा नालीसारखी दिसू लागली आणि तिच्यातून पाणी वाहून जायला वाट झाली, तेवढ्यावर मी थांबलो. पिना कापल्या, घासल्या, प्रायमर मारला. पत्रा एकदा ताणला गेला की त्याला ठोकून ठोकून सरळ करण्यात तो आणखी ताणतो. हे शिकवायला मला माझ्या मामांची गरज पडली नाही. पुढच्या गोष्टीसाठी पडली.

मामांचं कोल्हापूरला उद्यमनगरात डेंटिंगचं दुकान होतं. आता मामेभाऊ बघतो, मामा खुर्ची टाकून बसतात आणि चुका काढतात. लहानपणी सुट्टीत मी त्या दुकानात असायचो. ॲसिटिलीनचा वास, गॅसच्या ज्योतीखाली लाल होणारा पत्रा आणि ओलं फडकं टेकवल्यावर येणारा चर्रर आवाज मला तिथूनच माहीत. डाव्या सिलच्या मागच्या टोकाचा लेप काढला तेव्हा तिथं तळहाताएवढं भोक निघालं. व्हिडिओ कॉलवर मी मामांना ते दाखवलं.

‘ह्यो तर रत्नागिरीकडच्या गाडीगत सडलाय,’ मामा म्हणाले. ‘समुद्र हाय व्हय रं तिकडं?’

‘समुद्र लांब आहे मामा. इथं हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात.’

‘मीठ? रस्त्यावर?’ बराच वेळ ते याच्यावरच अडकले. इकडं चेशायरमध्ये विन्सफर्डला मिठाची खाण आहे, तिथलं खडेमीठ कौन्सिलच्या गाड्या रात्रीच्या रात्री रस्त्यावर पसरतात, हे त्यांना पटवायला वेळ लागला. मग त्यांनी कामाचं विचारलं. ‘भोक खालनं पडलंय का आतनं?’

मी कड बघितली. पत्रा आतून बाहेर फुगला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे दोन थरांच्या मधे तो झाला की थर फाकत जातात.

‘आतनं.’

‘मग मीठ न्हाई त्ये. नुसतं मीठ न्हाई. पाणी वरनं येतंय. आधी पाणी कुठनं येतंय त्ये बघ, पत्रा मागनं काप. न्हाईतर दोन सालात पुन्यांदा माझ्याकडंच यायचं ह्ये भोक.’

पाणी वरूनच येत होतं. एमएक्स-५ चा कापडी टप जिथं मागच्या बाजूला बॉडीला जोडलेला असतो, तिथं आतून एक पन्हळ असते. टपावरून झिरपलेलं पाणी त्या पन्हळीत येतं, दोन्ही बाजूंच्या सीट बेल्टच्या खांबांमागून नळ्यांनी खाली उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढं गाडीखाली पडतं. नळीत पानं, माती, शेवाळ साचलं की पाणी तुंबतं आणि जिथं वाट मिळेल तिथं जातं; आणि सगळ्यांत जवळची वाट सिलच्या मागच्या टोकात उघडते. मी डावीकडच्या नळीत वर पाणी ओतलं, खाली थेंबही आला नाही. पडद्याची स्प्रिंगची वायर आत सारली, फिरवली, पुन्हा ओतलं. आधी काळा चिखल आणि मग धो धो पाणी गॅरेजच्या फरशीवर. या गाडीच्या मालकानं वर्षातून एकदा ही वायर फिरवली तर वेल्डिंगचा सगळा खर्च वाचतो, इतकी ही साधी गोष्ट आहे. पण वायर फिरवायची तर नळीचं तोंड कुठं आहे ते माहीत पाहिजे, आणि ते टपाच्या घडीत अशा जागी आहे की पाहुण्याला दिसू नये.

तर ही दोन पाणी होती: खालून मिठाचं, वरून पावसाचं. सिल या दोघांच्या मधे सापडली होती आणि बॉडीचा सगळा पीळ तिच्याच अंगावर होता.

सिल कापायच्या आधी दार. छप्पर असलेल्या गाडीची सिल कापली तर वरचा सांगाडा गाडीला काही प्रमाणात धरून ठेवतो. उघड्या गाडीत दाराच्या चौकटीला वरची बाजूच नाही. सिल कापली की चौकटीची खालची बाजूही गेली, गाडी मधून झुकते. आणि त्या झुकलेल्या अवस्थेत नवा पत्रा वेल्ड केला तर ती कायमची तशीच राहते. मग दार लागत नाही, किंवा लागतं पण उघडताना वरचा कोपरा घासतो. म्हणून आधी दाराच्या चारी बाजूंच्या फटी मोजून मास्किंग टेपवर जागच्या जागी लिहून ठेवल्या. पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी चौकोनी नळीचा आडवा टेकू बोल्टनं आवळला. टेकू शेजारच्या आजोबांचा. त्यांच्याकडे तो का होता हे मी विचारलं नाही, पण त्याच्या दोन्ही टोकांना लांबी कमी-जास्त करायचे आटे होते आणि तो नक्कीच कुणीतरी याच कामासाठी बनवलेला होता.

आता काप. बाहेरचा पत्रा उघडला की मधे एक जोडपत्रा लागतो आणि त्याच्या आत गाडीच्या पोटाकडचा पत्रा. सिलच्या या टोकाला असे तीन थर आहेत. बाहेरचा तळहाताएवढा गेला होता. मधला त्याच्या दुप्पट. आतला वरकरणी चांगला, फक्त खालच्या कडेला बोटभर खाल्लेला. गंज कापताना माणसाचे दोन स्वभाव असतात. एक कंजूष: भोकापुरतं कापतो, आणि पातळ कडेला वेल्डिंगची ठिणगी लागली की कड विरघळून भोक आणखी मोठं होतं. दुसरा उतावळा: चांगला पत्राही कापून टाकतो आणि मूळचा आकार कुठं होता याची खूणच शिल्लक ठेवत नाही. पत्रा कुठपर्यंत चांगला आहे याची खात्री करायला मी हातोडीवर विसंबलो नाही. ग्राइंडरवर वायरचा ब्रश लावून पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासलं. जिथं काळे ठिपके उरले, म्हणजे गंजाचे खड्डे पत्र्यात खोल गेले होते, तिथून पुढं आणखी बोटभर कापलं. खडूच्या प्रश्नचिन्हांपैकी बहुतेक त्या रेषेच्या आत गेली.

नव्या तुकड्यांचे नमुने आधी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापले. मग १.२ मिलिमीटरचा पत्रा. मधल्या थराचा आकार सर्वांत अवघड होता, कारण तो कुणालाच दिसणार नाही असा तुकडा आहे आणि तरी त्याला दोन वळणं आणि एक उठाव आहे. तो उठाव शोभेसाठी नाही. सपाट पत्रा दाबाखाली चटकन लचकतो, उठाव असलेला लचकत नाही. मी तो ठोकळ्यावर हातोडीनं काढला. कारखान्याच्या प्रेसमधून निघालेल्या तुकड्यापुढं तो हास्यास्पद दिसत होता, पण उभ्या दाबाला टिकेल अशी त्याची खोली होती, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवायची; या गाडीत ती बॉनेटखाली नाही, मागं डिकीत आहे. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या तळाला बिलगून जातात, त्या कुठून जातात ते एकदा बोट फिरवून बघायचं. पेट्रोलची टाकी आसनांच्या मागं आहे, म्हणजे सिलच्या या टोकापासून फारशी लांब नाही. आतला गालिचा तर काढायचाच, पण त्याच्याखाली आवाज मारायला चिकटवलेले डांबरी पट्टेही खरवडायचे. ते जळले की धूर पांढरा, चिकट आणि घशाला लागणारा येतो. बादलीभर पाणी, ओली फडकी आणि आगीचा सिलिंडर हाताशी. काम संपल्यावर लगेच घरात न जाता तिथंच बसून राहायचं, कारण गाडीच्या पोकळीत पडलेली ठिणगी चटकन दिसत नाही.

मामा गॅस वेल्डिंगचे. विजेच्या मिग वेल्डिंगबद्दल त्यांना आदर नाही. ‘त्यो आवाज ऐकून वाटतं कायतरी तळायलंय,’ असं ते म्हणतात. पण पातळ पत्र्याला गॅसची ज्योत लांबवर तापवते आणि पत्रा वाकतो. मिगची उष्णता एका जागी राहते. मी ०.६ मिलिमीटरची तार आणि आरगॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरलं. गॅरेजचं दार लावून घ्यावं लागलं, कारण वाऱ्याची झुळूक आली तरी गॅसचं आवरण उडतं आणि वेल्डात बारीक छिद्रं पडतात. लांब रेघ एका दमात ओढायची नाही. एक टाका इथं, पुढचा वीतभर लांब, मग मधे, पहिला गार होईपर्यंत हात दुसरीकडे. सगळे टाके झाले की मधल्या फटी भरत यायच्या. कारखान्यात जिथं स्पॉट वेल्ड होते तिथं नव्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डनं भरली, म्हणजे दोन थर मूळच्याच जागी एकत्र आले. थर लावण्यापूर्वी आतल्या अंगाला वेल्ड करता येणारा जस्ताचा प्रायमर. पाठीवर पडून डोक्यावरचा वेल्ड करताना धातूचा थेंब खाली पडतो आणि तो बाहीत जायला बरोबर वाट शोधतो, म्हणून सुती जाड कपडे आणि कान झाकणारी टोपी. टेरिकॉटचं काहीही अंगावर नको. ते वितळून अंगाला चिकटतं.

टेकू काढला आणि मास्किंग टेपवरचे आकडे पुन्हा मोजले. मागच्या वरच्या कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर फरक. बाकी जसंच्या तसं. दार लावलं, लागलं. आजोबांनी ते तीन-चार वेळा उघडून लावून बघितलं आणि टेकू घेऊन गेले.

वेल्ड घासून, सांध्यांना सीलर भरून, रंग मारून झाल्यावर मेण. डांबर नव्हे, मेण. पोकळ भागांत फवारायचं पातळ मेण मिळतं, लांब नळीच्या टोकाला चारी बाजूंनी उडणारं तोंड असतं. सिलच्या प्रत्येक छिद्रातून नळी आत घालून ती मागं ओढत फवारायची, खालच्या भोकांतून थेंब ओघळेपर्यंत. पण ती भोकं बुजवायची नाहीत. पाणी आत येऊच नये ही अपेक्षा मी सोडून दिली आहे. आलेलं बाहेर गेलं की पुरे. फ्लोअरवरही मी जाड काही लावलं नाही. पातळ मेण लावलेला पत्रा दरवर्षी पुसून बघता येतो, आणि त्याच्याखाली गंज आला तर तो लपत नाही.

त्या यादीत एक अगदी क्षुल्लक दिसणारी गोष्ट होती, जी मी भार वाहणाऱ्यांच्या रांगेत बसवली. इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा अर्धा तुटून गेलेला होता. लोकांना वाटतं तो चिखल उडू नये म्हणून आहे. तसा तो आहेच, पण पुढून आलेली हवा खालून निसटू न देता रेडिएटरमधून जायला भाग पाडणं हेही त्याचं काम आहे. तो नसला तर मोटरवेवर वेगात गाडी तापू शकते. नवा मागवला, क्लिपांसकट. उलट, एक्झॉस्टवरचं ॲल्युमिनियमचं उष्णतारोधक पान, जे इंजिन चालू असताना सारखं खडखडत होतं आणि ज्यामुळं गाडी मोडायला आल्यासारखी वाटायची, ते दोन मोठ्या वॉशरांत निभावलं.

इथं खासगी गाडीची तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी एमओटी तपासणी होते. आपल्याकडच्या पंधरा वर्षांनंतरच्या फिटनेसची सवय असलेल्याला ती फार कडक वाटते. घरी वेल्डिंग करायला कायद्यानं बंदी नाही, परवानाही लागत नाही. पण सीट बेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्र्याचा जोर कमी करणारा गंज असेल तर गाडी नापास, आणि तिथलं ठिगळ सलग वेल्ड केलेलं लागतं. मूळचा स्पॉट वेल्ड होता तिथं तसाच भरलेला चालतो. रिव्हेट, चिकटपट्टी, फायबरचा लेप यांतलं काहीही चालत नाही. माझ्या डाव्या सिलचं दुरुस्त केलेलं टोक या ३० सेंटिमीटरांत येतं. तपासनिसाला पत्र्यात टोकदार काही खुपसायची मुभा नसते. अंगठ्यानं दाबायचं आणि ठरलेल्या हलक्या अवजारानं ठोकायचं एवढंच. तो गाडीखाली उभा राहून ठोकत गेला. माझ्या सिलवर दोनदा ठोकलं, वेल्डवरून अंगठा फिरवला आणि पुढं गेला. रेलकडं त्यानं बघितलंही नाही. पास केलं आणि सूचना म्हणून खाली लिहिलं: मागच्या ब्रेकच्या नळीवर वरवरचा गंज. तांबं-निकेलची नवी नळी आणि तिची टोकं फुलवायचं अवजार त्याच रात्री मागवलं.

मामांना सगळे फोटो पाठवले होते. त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. वेल्डबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, म्हणजे वेल्ड पसंत होता. ‘डावीकडं झालं,’ म्हणाले. ‘उजवीकडं काय?’

उजवीकडची नळीही तुंबलेली होती, फक्त कमी. तीही साफ केली आहे. लेप काढलाय, ठोकलंय, आवाज बरा आहे. मागच्या टोकाला दोन प्रश्नचिन्हं आहेत. छिद्रातून बारीक कॅमेरा आत घालून बघितलं तर मधला जोडपत्रा तपकिरी दिसतो, पण फुगलेला नाही. उन्हाळ्यात गॅरेज कोरडं असेल तेव्हा तिथं एकच छोटी खिडकी कापून बघायची असं ठरवलंय. मामांचं म्हणणं, कापू नको, मेण मार आणि पाणी तुंबू देऊ नको. आजोबांचं म्हणणं, कापच. टेकू त्यांनी परत आणून गॅरेजच्या दाराशी ठेवला आहे.